साडेतीनचा व्यस्त

गाणपत्य परंपरेत गणपतीची साडेतीन पीठे मानली जातात आणि मोरगाव, राजूर व पद्मालय ही पूर्ण, तर चिंचवड हे अर्धे पीठ, अशी त्यांची मांडणी प्रचलित आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूरला चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, राजुरेश्वराच्या दर्शनासाठी जी गर्दी लोटते, तिला हा साडेतीनचा आकडा मुळीच नवा नसतो. देवीची शक्तिपीठे साडेतीन, वर्षातले मुहूर्त साडेतीन, आणि माणसाचा देहही साडेतीन हातांचाच. इतक्या घरोब्याच्या या संख्येचा गुणाकार व्यस्त विचारला, तर मात्र शिकलेला माणूसही पुष्कळदा अडखळतो.

ज्या दोन संख्यांचा गुणाकार १ येतो, त्या एकमेकींच्या गुणाकार व्यस्त होत. अपूर्णांकातील वरच्या संख्येस अंश आणि खालच्या संख्येस छेद म्हणतात. या दोघांची अदलाबदल केली की व्यस्त मिळतो, म्हणून २/३ चा व्यस्त ३/२. पूर्ण संख्येखाली १ हा छेद न लिहिता गृहीत धरलेला असल्याने ५ चा व्यस्त १/५ होतो. साडेतीन ही संख्या ३ पूर्ण आणि १/२ अशी, म्हणजे पूर्णांकयुक्त अपूर्णांकाच्या रूपात लिहिली जाते आणि चूक होते ती नेमकी येथेच, कारण उलटवण्याजोगा म्हणून समोर केवळ १/२ दिसतो व तेवढाच उलटवला जातो. तसे केल्यास ३ पूर्ण आणि २/१, म्हणजे ५, हे उत्तर येते. त्याला साडेतीनने गुणल्यास १ नव्हे, साडेसतरा मिळतात. साडेतीनचे आधी ७/२ करावे लागते आणि मगच २/७ हा खरा व्यस्त हाती येतो.

अदलाबदलीने व्यस्त का मिळतो, हे धान्य मापताना अधिक स्पष्ट दिसते. एक शेर ज्वारी पावशेराच्या मापाने मापली, तर ते माप चार वेळा भरते, म्हणून १/४ चा व्यस्त ४. आता माप पाऊण शेराचे, म्हणजे तिप्पट मोठे घेतले, तर भरण्याची संख्या एक तृतीयांशावर येते, ४ ची ४/३ होते. प्रत्यक्षात माप एकदा पूर्ण भरते आणि खाली पावशेर ज्वारी उरते. ही उरलेली ज्वारी शेराच्या हिशेबाने १/४ असली, तरी पाऊण शेराच्या मापात ती टाकली असता माप १/३ भरते, आणि म्हणून उत्तर एक पूर्ण आणि १/३ असे येते, एक पूर्ण आणि १/४ असे नव्हे. शेष कशाच्या तुलनेत मोजायचा, हा भेद एकदा ध्यानी आला की नियम पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

जुन्या मराठी शाळेत हीच गोष्ट मुलांच्या तोंडी पाढ्यांच्या रूपाने होती, जरी तिला व्यस्त हे नाव कोणी देत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे होत. त्यांतील औट म्हणजे साडेतीन, आणि हा शब्द संस्कृतातील ‘अर्धचतुर्थ’ या शब्दापासून, म्हणजे ज्यात चौथा अर्धाच आहे अशा अर्थाने, आला आहे. या पाढ्यांत पहिली पूर्ण संख्या कितव्या पायरीला येते हे पाहावे: पाऊणकीत चौथ्या पायरीला ३, सवायकीत चौथ्या पायरीला ५, दिडकीत दुसऱ्या पायरीला ३, अडीचकीत दुसऱ्या पायरीला ५, औटकीत दुसऱ्या पायरीला ७. पायरीचा क्रमांक अंशस्थानी आणि ती पूर्ण संख्या छेदस्थानी मांडली की ४/३, ४/५, २/३, २/५ आणि २/७ हे व्यस्त आपोआप तयार होतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे शेर-मण जाऊन किलो आला आणि या पाढ्यांची व्यवहारातली गरज संपली. हे समजण्यासारखे असले, तरी व्यस्त शिकवण्याचे एक आयते साधन त्यांच्याबरोबर गेले.

भागाकाराच्या वेळी भाजकाचे अंश-छेद उलटवून मग गुणावे, हा आजचा शालेय नियम भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त स्पष्टपणे दिलेला आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, असे सांगणारा शिलालेख अजिंठा डोंगररांगेच्या पलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटण येथे असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. शून्याने भागलेल्या राशीस भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले आणि तीत काहीही मिळवले तरी ती बदलत नाही, असे मानले. आजचे गणित याहून कडक असून कोणत्याही संख्येने गुणले तरी शून्याचा १ होत नाही, म्हणून शून्याला व्यस्तच नाही, असे ते सांगते.

व्यस्ताचा व्यवहारातील उपयोग भागाकारापुरता नाही. जालना जिल्ह्यातील कडवंचीसारख्या गावांत शेततळी आहेत; एखादे तळे एक पंप ३ दिवसांत आणि दुसरा ६ दिवसांत भरत असेल, तर दोन्ही मिळून किती दिवस लागतील, हे दिवसांची बेरीज करून कळत नाही. दिवसांचे व्यस्त म्हणजे रोजचे काम, १/३ आणि १/६. त्यांची बेरीज १/२, आणि तिचा व्यस्त २, म्हणजे दोन दिवस. गुंठ्यांचे एकर करतानाही हेच घडते: एकराचे ४० गुंठे, म्हणून गुंठा एकराचा १/४०.

प्राचीन बाबिलोनमधील लेखनिक मातीच्या विटांवर व्यस्तांची कोष्टके कोरून ठेवत आणि भागाकाराऐवजी त्यांवरून गुणाकार करत. त्यांच्या साठमान पद्धतीत १/७ कधी संपत नाही, म्हणून त्या कोष्टकांत ६ नंतर एकदम ८ येतो. दशमान पद्धतीतही साडेतीनचा व्यस्त ०.२८५७१४ असा सुरू होऊन तेच सहा अंक अखंड फिरवत राहतो, म्हणून तो २/७ असा लिहिणेच सोयीचे. साडेतीनचा व्यस्त ५ असे वहीत लिहिणाऱ्या मुलाला नियम पुन्हा घोकायला लावण्याआधी, घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे: दोन औट किती?