गोळा ७ किलोचा, गोळा ४ किलोचा
महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. यामागे शरीरशास्त्र आहे. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू, विशेषतः खांदे आणि दंड, भरतात. हिमोग्लोबिनही वाढतं, म्हणून स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. पायांच्या ताकदीतला फरक त्यामानाने कमी. त्यामुळे हलका गोळा पटतो, पण निम्मं अंतर? ते मला पटत नाही. लांब पल्ल्याच्या जागतिक विक्रमांत स्त्रिया पुरुषांच्या साधारण १०-१२ टक्केच मागे आहेत. भरती झाल्यावर वयाचा हिशेब वेगळा. तिशीनंतर दमसास हळूहळू उतरतो, सराव सुटला तर झपाट्याने. आणि रात्रपाळ्या-बंदोबस्तात पहिला सुटतो तो सरावच.