चाकाची घरघर

परभणीहून पूर्णेकडे जाताना लोहमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक लागते. न थांबणारी आगगाडी अशा स्थानकातून भरधाव जात असता, फलाटावर हिरवे निशाण घेऊन उभा असलेला कर्मचारी तुम्ही पाहिला असेल. तो केवळ निशाण दाखवीत नसतो. त्याची दृष्टी धावत्या चाकांवर खिळलेली असते. एखाद्या आसाच्या टोकाशी धूर दिसला, तर गाडी थांबविण्याची व्यवस्था त्याला तत्काळ करावी लागते. कारण तापलेला आस मोडला, तर डबा रुळांवरून घसरतो.

मोटारीच्या चाकांवर मात्र अशी पाळत कोणी ठेवीत नाही. ते काम चालकाला आपल्या कानांनीच करावे लागते.

चाक सहज फिरावे म्हणून त्याच्या मध्यभागी बेअरिंग बसविलेले असते. दोन पोलादी कडी, त्यांच्यामध्ये गुळगुळीत गोळ्या किंवा लाटण्याच्या आकाराचे तुकडे, आणि भोवती वंगण, एवढीच त्याची रचना. बैलगाडीच्या आखाला वंगण कशासाठी घालीत, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. तत्त्व तेच आहे. काळ्या रानातील चिखलपाणी आत शिरले म्हणजे वंगण बिघडते, पोलादाला गंज चढतो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. त्या खळग्यांवरून गोळ्या धावू लागल्या, की घरघर उमटते.

पुष्कळ चालक ही घरघर टायरची समजून महिनोन्‌महिने तशीच गाडी हाकतात. वस्तुतः दोन्हींतील भेद फारसा अवघड नाही. रस्ता बदलताच टायरचा आवाज बदलतो. बेअरिंगचा आवाज डांबरी रस्त्यावर काय आणि खडीवर काय, तसाच राहतो व वेगाबरोबर वाढतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर गिअर क्षणभर न्यूट्रलमध्ये आणल्याने इंजिनाचा वेग उतरला, तरी घरघर चालूच राहिली, तर ती इंजिनाची नव्हे. पुढे वळण येते, आणि वळण फार उपयोगी पडते. गाडी डावीकडे वळताना तिचा भार उजव्या चाकांवर जातो. अशा वेळी घरघर वाढली, तर दोष बहुधा उजव्या बाजूस असतो.

मग गाडी सपाट जागी उभी करून, इतर चाकांना दगडांची अटक लावून, संशयित चाक जॅकने उचलावे. परंतु गाडीखाली कदापि शिरू नये. चाक वर व खाली धरून हलवावे. ते डुगडुगले, तर सोबत्याला ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबताच डुगडुग थांबली, तर बेअरिंग सैल झाले असे समजावे. न थांबली, तर दोष इतर सांध्यांत शोधावा. नंतर चाक हाताने फिरवीत दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. आत खरखर असेल, तर ती कानाआधी बोटांना कळते.

हल्लीच्या बहुतेक मोटारींचे बेअरिंग बंदिस्त असते. त्यात वंगण भरता येत नाही. ते संपूर्ण बदलावे लागते. जुन्या जीपगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या पुढील चाकांचे बेअरिंग मात्र उघडता येते. ते रॉकेलने धुऊन, वाळवून, त्यात नवे वंगण भरतात. शेवटी चाकाचा नट आवळून पुन्हा किंचित सैल करावा लागतो. नवशिका मेकॅनिक येथेच चुकतो: फार आवळलेले बेअरिंग तापून जळते, फार सैल राहिलेले डुगडुगून झिजते. नट योग्य जागी आला, म्हणजे तो फिरू नये म्हणून त्यात खीळ घालून तिची टोके वाकवितात.