विहारामागची सावली आणि आस्कंद

तक्षशिलेस सात वर्षे वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर जीवकाला त्याच्या आचार्यांनी हाती कुदळ देऊन सांगितले, की नगराच्या चहूकडे एक योजनभर फिर आणि औषधी नसलेली एखादी वनस्पती दिसली तर घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि परीक्षेत उत्तीर्ण झाला. विनयपिटकातील महावग्गातली ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकली आहे. परंतु आपल्या विहारामागे कडुनिंबाखाली जी कोरडी पट्टी पडून आहे, तिच्याकडे पाहून "इथे काही उगवत नाही, फरशी घालून टाका" असा ठराव आपल्याच सभेत पुढे आला. त्यावर आमचे म्हणणे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

तिथे काही उगवत नाही याचे कारण केवळ सावली नव्हे. कडुनिंबाची मुळे जमिनीतली ओल आधीच शोषून घेतात. त्यामुळे सावलीत असूनही जमीन उन्हातल्यासारखी सुकी राहते. गुलाब, शेवंती अशा जागी तगत नाहीत. आम्ही दोनदा लावून पाहिली. तिथे मूळचेच काटक झाड हवे. आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा, हे तसे झुडूप आहे. खेड्यात त्याला ढोरगुंजही म्हणतात. आपल्या कोरड्या मुलखात ते पडीक जागी, बांधावर आपोआप येते.

आस्कंद वांग्याच्या कुळातले. वांगी, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि विषारी धोतरा ही सारी एकाच घरातली भावंडे! यातले वांगे आपल्याकडचे. बटाटा, टोमॅटो, मिरची ही अमेरिका खंडातून आलेली. विद्यार्थ्यांनी या सर्वांची फुले शेजारी ठेवून पाहावीत, नाते लगेच ध्यानात येते. आस्कंद कमरेएवढे वाढते. पानांवर व खोडावर बारीक पांढुरकी लव असते. फुले इतकी लहान व हिरवट-पिवळी, की शोधावी लागतात. फळ मात्र देखणे: कागदासारख्या पातळ वेष्टनात गुंजेएवढे लालभडक. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, त्यावरून अश्वगंधा हे नाव पडले.

बी आषाढी पौर्णिमेच्या सुमारास पेरावे. याचा एक फायदा असा, की वर्षावासात ग्रंथवाचनासाठी विहारात रोज माणसे येतात, म्हणजे रोपांवर नजर राहते. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढेच खोल टाकावे. महिना-सव्वा महिन्याने रोपे हातभर अंतराने लावावीत. जागा कडुनिंबाच्या बुंध्याशी नको, घेराच्या कडेला हवी, जिथे सकाळचे तीन-चार तास तरी ऊन पोचते. गर्द सावलीत झुडूप उंच, लुकडे होते व फळे कमी धरते.

पहिल्या वर्षी आम्ही प्रेमापोटी रोज बादलीभर पाणी घातले आणि सारी रोपे मुळाशी कुजली. या झाडाला तहान सोसते, पाणी साचलेले सोसत नाही. आता जमीन थोडी उंच केली आहे, रेती मिसळली आहे आणि पाऊस थांबल्यावर आठवड्यातून एकदाच पाणी देतो. वांग्यावर येणारे ठिपक्यांचे तांबूस भुंगेरे इथेही येतात आणि पानांची जाळी करतात. ते सकाळी हाताने वेचावेत. अभ्यासिकेच्या खिडकीखाली औषध फवारणे बरे नव्हे.

मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात आस्कंदाची मोठी शेती होते. तिथे १५० ते १८० दिवसांत झाड उपटून मुळे काढतात. काही सभासदांनी आपणही मुळे विकावीत असे सुचविले. परंतु मूळ काढले की झाड संपले. बँकेच्या भाषेत हे मुद्दल मोडणे झाले! शिवाय सावलीतले मूळ बारीकच राहते. न उपटल्यास झुडूप काही वर्षे टिकते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झोप येत नाही म्हणून कोणी परस्पर मुळाची पूड घेऊ नये. झोपेच्या, मधुमेहाच्या व थायरॉइडच्या गोळ्यांशी तिचा मेळ बसेलच असे नाही, गरोदर स्त्रियांना ती वर्ज्य सांगतात, आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणे अलीकडे नोंदली गेली आहेत. लाल फळे लहान मुले तोंडात घालतात, म्हणून कुंपणाच्या बाजूला झाडे नकोत.

महावग्गात भिक्खूंना परवानगी दिलेल्या औषधी मुळांत हळद, आले, वेखंड, वाळा यांची नावे आहेत आणि पानांत कडुनिंब आहे. आस्कंदाचे नाव नाही. परंतु त्याच यादीच्या शेवटी, औषधी असतील ती इतर मुळेही, अशी मोकळीक ठेवलेली आहे.

यंदा अकरा झुडपे उभी आहेत. पिकलेली फळे चोळून, धुऊन, सावलीत वाळविलेले बी कागदाच्या पुड्यांत अभ्यासिकेच्या कपाटात ठेवले आहे. फरशीचा ठराव पुढील सभेत पुन्हा येईल, त्याआधी सभासदांनी एकदा मागे जाऊन पट्टी पाहावी. सकाळी आठच्या सुमारास ऊन तिथे असते.