खुलताबादच्या मातीतले राजकारण

वेरूळची लेणी पाहून परतणारे लोक खुलताबादला थांबतात ते भद्रा मारुतीच्या दर्शनाला, नाहीतर औरंगजेबाची कबर पाहायला. 2025 च्या मार्चमध्ये याच कबरीवरून राज्यभर रान पेटले. ती ठेवायची की उखडायची, एवढ्या एकाच प्रश्नाभोवती महिनाभर सगळी चर्चा फिरत राहिली. मला या गावाची ओढ आहे ती वेगळ्या कारणाने. जिवंतपणी एकमेकांची राज्ये मोडण्यात हयात घालवलेली माणसे मेल्यावर इतक्या जवळजवळ येऊन निजल्याचे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात मला माहीत नाही. मोगल बादशहा, हैदराबादचा पहिला निजाम, निजामशाही सांभाळणारा हबशी वजीर आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान, सारे या एका लहानशा गावात आहेत.

ते इथे आले ते सूफी संतांच्या पायाशी जागा मिळावी म्हणून. महंमद तुघलकाने दिल्ली सोडून दौलताबादेला राजधानी आणली, तेव्हा निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले. 1337 मध्ये त्यांचे दफन इथे झाले आणि गावाला ‘रौजा’ म्हणू लागले. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी बुऱ्हाणपूर वसवले ते त्यांच्याच नावाने. अशा पुण्यवंतांच्या शेजारी पुरले जावे ही राज्यकर्त्यांची इच्छा पुढे चार शतके टिकली. पालखेडला बाजीरावाकडून कोंडीत सापडलेला पहिला निजाम, निजामुल्मुल्क, 1748 मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. त्यालाही इथेच, बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात आणले. दोन वर्षांनी दक्षिणेत मारला गेलेला त्याचा मुलगा नासिरजंग त्याच्याजवळच आहे.

औरंगजेबाबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. 3 मार्च 1707 रोजी तो अहमदनगरला वारला आणि त्याला जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. कबर उघडी, माथ्यावर छत नाही. भोवतीचा संगमरवर विसाव्या शतकातला, लॉर्ड कर्झनच्या आग्रहानंतर निजामाने बसवलेला. कबरीला चौदा रुपये बारा आणे खर्च आला आणि तो बादशहाने टोप्या शिवून मिळवला होता, असे तिथे आवर्जून सांगतात. ‘अहकाम-ए-आलमगिरी’त त्याचे मृत्युपत्र म्हणून जो मजकूर येतो, त्यातला आकडा वेगळा आहे. टोप्यांचे चार रुपये दोन आणे कफनाला वापरावेत आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले 305 रुपये फकिरांना वाटावेत, असे तिथे लिहिले आहे. जदुनाथ सरकारांनी 1912 मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून मृत्युपत्राच्या अस्सलपणावर अभ्यासक वाद घालत आले आहेत.

मला त्या मजकुरातले शेवटचे कलम महत्त्वाचे वाटते. राज्यात काय चालले आहे याची खबर राखणे हा कारभाराचा मुख्य खांब, क्षणाचा गाफीलपणा वर्षानुवर्षे भोवतो, असे मुलांना बजावून तो दाखला देतो शिवाजी महाराजांच्या सुटकेचा. हलगर्जीपणामुळे तो निसटला आणि त्यापायी मला अखेरपर्यंत धडपडावे लागले, असा त्याचा अर्थ आहे. मजकूर दुसऱ्या कुणी रचलेला असला, तरी रचणाऱ्याला बादशहाच्या पराभवाचे मूळ नेमके ठाऊक होते.

पण या गावात माझा जीव खरा अडकला आहे तो अबुल हसन कुतुबशहापाशी. लोक त्याला तानाशाह म्हणून ओळखतात. त्याची कबर सय्यद राजू कत्ताल यांच्या दर्ग्याजवळ आहे, तीही उघडीच.

गादीवर येण्यापूर्वी तो हैदराबादेत शाह राजू नावाच्या सूफींच्या खानकाहीत वर्षानुवर्षे राहिला होता. 1672 मध्ये सुलतान झाला आणि लवकरच त्याने कारभार मादण्णा आणि अक्कण्णा या ब्राह्मण भावांच्या हाती सोपवला. 1677 मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेला निघताना भागानगरात, म्हणजे हैदराबादेत आले, ते याच सुलतानाचे पाहुणे म्हणून. महाराज तिथे महिनाभर राहिले. मोहिमेला पैसा आणि तोफखाना मिळाला तो या भेटीतून. आपण दक्षिण दिग्विजयाचे गोडवे गातो, पण त्याचा खर्च उचलणाऱ्या यजमानाचे पुढे काय झाले हे विचारत नाही.

1686 मध्ये मादण्णा आणि अक्कण्णाचा दरबाऱ्यांच्या कटात भर रस्त्यात खून झाला. मादण्णाचे शीर मोगलांकडे पाठवण्यात आले. त्यानेही औरंगजेबाचे समाधान झाले नाही. पुढच्या वर्षी त्याने गोवळकोंड्याला वेढा घातला. किल्ला आठ महिने झुंजला आणि सप्टेंबर 1687 मध्ये आतल्याच एका सरदाराने पैसे घेऊन रात्री दरवाजा उघडला. अब्दुर रज्जाक लारी नावाचा निष्ठावंत सरदार एकटा मोगलांवर तुटून पडला आणि अंगभर जखमा घेऊन कोसळला. खुद्द औरंगजेबाने त्याच्यावर उपचार करवले.

पकडायला आलेल्या मोगल सरदारांपुढे अबुल हसन अजिबात डगमगला नाही, असे इतिहासकार खाफी खान लिहितो. जेवणाची वेळ झाली होती. त्याने ताट मागवले, शांतपणे जेवला आणि मगच निघाला. विलासी आणि नाकर्ता ही त्याच्यावर बसलेली मोहोर मला अन्यायाची वाटते. त्या दिवशी त्याने राज्य गमावले, आब गमावला नाही. पुढची बाराएक वर्षे तो दौलताबादच्या चिनी महालात कैदेत राहिला आणि तिथेच वारला.

मग त्याला राजू कत्तालांच्या जवळ का पुरले? राजू कत्ताल हे गुलबर्ग्याच्या बंदेनवाज गेसूदराजांचे वडील. हैदराबादचे शाह राजू आपली परंपरा त्याच घराण्याशी जोडत. कैदी सुलतान आपल्या गुरूच्या मूळ पुरुषापाशी पोहोचला, हा योगायोग मला वाटत नाही. काही वर्षांनी त्याला कैद करणारा बादशहाही याच गावात पुरला गेला.

गावाच्या वायव्येला मलिक अंबरचा घुमट आहे. आफ्रिकेतल्या हबशांच्या मुलखात जन्मला, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आला आणि 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर बुडती निजामशाही त्याने पाव शतक तगवून धरली. खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर जन्मभर त्याला शिव्याशाप देत राहिला, पण त्याच्याच दरबारातल्या मुतमद खानाने, रणांगणात आणि कारभारात याच्या तोडीचा कुणी नव्हता, अशी कबुली लिहून ठेवली. मे 1626 मध्ये तो वारला. 2026 हे त्याच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष.

या तालुक्यात येणाऱ्या मराठी माणसाने एका कबरीसमोर संताप करून किंवा हात जोडून परत फिरू नये. शहाजीराजे ज्याच्या बाजूने लढले तो सेनापती आणि शिवाजी महाराजांनी ज्याचा पाहुणचार घेतला तो सुलतान याच गावात आहेत. त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर निदान नावांच्या पाट्या तरी लागाव्यात, एवढे सरकारकडे मागायला हरकत नाही.