दुधी धरतच नाही?

शेजारच्या काकू काल म्हणाल्या, "वेल नुसती माजलीय, पण दुधी पिवळे पडून गळतात." खत वाढवू नका, म्हटलं. बहुतेकदा अडतं ते परागीभवनापाशी.

दुधीच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलाचा देठ लांब, सडपातळ. मादी फुलाखाली पेराएवढा, लव असलेला दुधी आधीच दिसतो. पराग मिळाला नाही, की तोच गळतो.

ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि पराग नेतात ते मुख्यतः पतंग. वरच्या मजल्यावरच्या गच्चीत ते कशाला फिरकतायत!

मग दिवेलागणीला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. लाल भोपळ्याला हेच काम सकाळी लवकर.

सुरुवातीला नुसती नर फुलंच आली तर घाबरू नका, तसंच असतं.

कुणाची वेल अडलीय? फोटो टाका, बघू.