हा आकडा मोजला, की मानला?

महावितरणचं बिल नीट वाचलं तर त्यावर रकमांची उतरंड दिसते: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. आपण शेवटच्या आकड्यावर नजर टाकतो आणि पैसे भरून मोकळे होतो. पण यातले मुख्य दर ठरण्याआधी कुणाही ग्राहकाला त्यांवर हरकत घेता येते, आणि आलेली प्रत्येक हरकत विचारात घेणं कायद्याने बंधनकारक आहे! हे कळल्यापासून मला तो कागद निराळाच दिसू लागला.

हे दर कंपनी ठरवत नाही, मंत्रीही नाही. ते ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग, ऑगस्ट 1999 मध्ये स्थापन झालेला. वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार कंपनीने आपला प्रस्ताव संक्षेपाने प्रसिद्ध करायचा आणि आयोगाने लोकांच्या हरकती-सूचना विचारात घेऊन 120 दिवसांत निर्णय द्यायचा. वकील लागत नाही. मराठीतला साधा अर्ज पुरतो. मग जनसुनावणी होते आणि यंत्रमागवाले, शेतकरी, घरगुती ग्राहक थेट आयोगासमोर बोलतात. शेकडो पानांचा अंतिम आदेश उघडला की एकेक हरकत ओळीने भेटते. आधी तिचा सारांश, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचा निर्णय. सामान्य माणसाचा प्रश्न सरकारी दस्तऐवजात उत्तरासकट नोंदला जातो.

अशा प्रश्नांनी काय साधतं? त्यासाठी एक हिशेब पाहू. समजा जाळ्यात 100 युनिट वीज सोडली आणि मीटरवर 50 युनिटची विक्री दिसली. उरलेली 50 कुठे गेली? काही शेतीपंपांनी वापरली, काही तारांत, रोहित्रांत आणि चोरीत गेली. पण असंख्य पंपांना मीटरच नव्हते, बिल यायचं अश्वशक्तीवर. म्हणजे पंपांचा वापर अंदाजानेच धरायचा. तो 35 धरला तर गळती उरते 15. तो 20 धरला तर गळती होते 30. तारा त्याच, रोहित्रं तीच, फक्त एक अंदाज बदलला आणि गळती दुप्पट झाली!

महाराष्ट्रात नेमकं हेच उघडकीस आलं. महावितरणच्या आधीचं राज्य वीज मंडळ वर्षानुवर्षं 20 टक्क्यांच्या आतली गळती सांगत होतं. आयोगापुढच्या पहिल्या दरनिश्चितीत, 2000 साली, अभ्यासकांनी आणि ग्राहक संघटनांनी या अंदाजाचा पाया विचारला, तेव्हा गळती 30 टक्क्यांपलीकडे निघाली. इतकी वर्षं ती शेतकऱ्याच्या नावावर खपत होती. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना हाच मुद्दा पुढेही सुनावण्यांमधून मांडत राहिली.

हा प्रश्न पर्यावरणाचाही आहे. न मोजलेली वीज ही पंपांची गरज म्हटली की ती भागवायला नवं वीज केंद्र हवंसं वाटतं. गळती म्हटली की ती बुजवता येते. एका युनिटची गळती थांबली तर तेवढा कोळसा जळत नाही आणि तेवढी राख चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या परिसराच्या वाट्याला येत नाही.

आयोग येण्याआधी काय होतं, ते दाभोळ वीज प्रकल्पाने दाखवलं. अमेरिकी कंपनी एन्रॉनशी 1990 च्या दशकात अब्जावधी रुपयांचा वीज खरेदी करार झाला, तो जनसुनावणीविना. पुण्यातल्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाचे गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी त्या प्रकल्पाचा हिशेब मांडला आणि ही वीज राज्याला किती महाग पडेल हे आकड्यांनी दाखवलं. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. तेव्हा त्यांच्याकडे हिशेब होता, पण तो ऐकणं बंधनकारक असलेलं दालन नव्हतं. आज ते दालन आहे. शिवाय कलम 94 नुसार ग्राहकांच्या बाजूने बोलण्यासाठी आयोग प्रतिनिधी नेमू शकतो, आणि ‘प्रयास’ व मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांनी ते काम केलं आहे.

हरकत घेतली म्हणून दरवाढ टळतेच असं नाही, बऱ्याचदा टळत नाही. पण वाढ का झाली, हे कंपनीला लेखी सांगावं लागतं. ते कारण पुढच्या सुनावणीत पुन्हा तपासता येतं, न्यायाधिकरणात अपीलही करता येतं. प्रश्न विचारणारा बदलला तरी नोंद कायम राहते. म्हणून पुढच्या वेळी दरवाढीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली की तिच्यावरून पान उलटू नका. सगळा प्रस्ताव कळला नाही तरी चालेल. त्यातला एकच आकडा निवडा आणि अर्जात विचारा: हा मोजला, की मानला?