मुका 'के' आणि मुका 'डब्ल्यू'

इंग्रजी वाचायला नुकतंच लागलेलं मराठी मूल 'के, एन, आय, एफ, ई' ही अक्षरं जुळवतं आणि मोठ्या विश्वासानं 'क्नाइफ' म्हणतं. वर्ग हसतो. गुरुजी सांगतात, "अरे, नाइफ म्हणायचं. इथला के सायलेंट आहे." तो सायलेंट का, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग पोराची समजूत होते की ही भाषाच लहरी. घोकल्याशिवाय गत्यंतर नाही. अशी धास्ती घेतलेली मुलं पुढं कॉलेजात माझ्यासमोर येऊन बसतात, आणि तोवर ती धास्ती चांगली मुरलेली असते. तेव्हा आज 'के' आणि 'एन' या जोडीनं सुरू होणारे चार लहान शब्द घेऊन हा 'के' तिथं काय करतो ते पाहू.

ज्या मुलाला वर्ग हसला, त्याचा अपराध इतकाच की तो काही शतकं उशिरा जन्मला. कवी चॉसर १४०० साली वारला. त्याच्या काळी लंडनमध्ये सुरीला 'क्नीफ' असंच म्हणत, 'के' चांगला ठसठशीत उच्चारून. गुडघ्याला 'क्ने', गाठीला 'क्नॉट'. पुढं १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना काढला आणि छापणाऱ्यांच्या हातून शब्दांची रूपं हळूहळू ठरत गेली. हा 'के' लोकांच्या तोंडून गेला तो मुख्यतः सतराव्या शतकात. तोवर स्पेलिंग कागदावर बसून गेलं होतं. तोंड बदललं, कागद बदलला नाही. जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो आणि कणीक तिंबण्याला 'क्नेटेन'. त्याचा 'के' शाबूत आहे.

आता शब्द पाहा. 'नी' म्हणजे गुडघा, 'नील' म्हणजे गुडघे टेकणे. 'नकल' म्हणजे मूठ वळली की वर येतो तो बोटाचा सांधा. 'नॉब' म्हणजे दाराची किंवा काठीची गोल मूठ, 'नोल' म्हणजे लहानशी टेकडी, 'नॉट' म्हणजे गाठ. यातल्या बऱ्याच शब्दांत काहीतरी उंचवटा, गोळा, गाठ असा अर्थ आहे. 'निट' म्हणजे विणणे, आणि हा शब्द 'नॉट'चा सख्खा भाऊ; मुळात त्याचा अर्थ गाठ मारणे असाच. पण अक्षरं सारखी म्हणून सगळ्यांचं गोत्र एकच, असं मात्र समजू नये. 'नी' आणि 'नो' यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

'नाइट' आणि 'नेव्ह' या दोघांची गोष्ट मला फार आवडते. पहिला सरदार, दुसरा लबाड. जुन्या इंग्रजीत मात्र दोन्हींचा अर्थ एकच होता: पोरगा. पोरगा म्हणजे हाताखालचा गडी, हाही अर्थ ओघानं आला. आपल्याकडे हॉटेलातला 'पोऱ्या' म्हणतात तो असाच. पुढं एक पोऱ्या राजाच्या पदरी राहिला, घोड्यावर बसला आणि 'सर' झाला. दुसरा स्वयंपाकघरातच राहिला आणि त्याच्या नावावर लबाडी चिकटली. पत्त्यांतल्या ज्या पानाला आपण गुलाम म्हणतो, त्याला इंग्रजीत 'नेव्ह' म्हणत. जर्मनमध्ये पहिल्याचा भाऊ 'क्नेख्ट' अजून गडीच राहिला आहे.

आणि आता 'नो', म्हणजे जाणणे. 'नाही' या अर्थाच्या 'नो'पासून त्याला कागदावर वेगळं ओळखायला 'के' उपयोगी पडतोच. पण त्याचं खरं मोल निराळं आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढं सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एकच असावं. त्या मूळ भाषेतला 'ग' इंग्रजीच्या घराण्यात 'क' झाला, तर संस्कृतात पुष्कळ ठिकाणी 'ज' झाला. लॅटिनमध्ये गुडघा 'गेनु'. संस्कृतात 'जानु', तोच 'आजानुबाहु'मधला. इंग्रजीत तो 'क' घेऊन आला. त्याच न्यायानं 'नो'मधला 'के-एन' म्हणजे आपला 'ज्ञ'. जाणणे, ज्ञान आणि 'नो' ही एकाच धातूची लेकरं. 'के' काढून टाका, आणि हे नातं दिसेनासं होईल.

गंमत अशी की आपला 'ज्ञ' तरी आपण लिहितो तसा कुठं म्हणतो? लिहितो ज् आणि ञ, म्हणतो 'द्न्य'. हिंदीवाले 'ग्य' म्हणतात. तेव्हा स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत ही काही इंग्रजीचीच मिरास नव्हे. आपल्या आजोबांच्या पत्रांत 'पांच', 'दांत', 'कांटा' असं लिहिलेलं सापडेल. डोक्यावरचा तो टिंब कोणी स्पष्ट उच्चारीत नसे. पण तो पञ्च, दन्त, कण्टक यांची खूण होता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनानं मान्य केले, आणि असले अनुच्चारित अनुस्वार आपण काढून टाकले. मुलांची सोय झाली, हे खरं. खूण गेली, हेही खरं. इंग्रजांना त्यांचा 'के' पुसणं अजून जमलेलं नाही.

'डब्ल्यू' आणि 'आर' या जोडीचंही तसंच. इथला 'डब्ल्यू'ही पूर्वी बोलला जाई. स्वीडनमधल्या माणसाच्या 'व्रीदा', म्हणजे पिळणे, या शब्दात तो 'व' होऊन आजही ऐकू येतो. या जोडीत पीळ फार. 'रिंग' म्हणजे ओलं कापड पिळणे, 'रिस्ट' म्हणजे वळणारा सांधा, मनगट. 'रीथ' म्हणजे फुलापानांचा गुंफलेला वेढा, 'रेंच' म्हणजे हिसडा आणि फिटरच्या हातातला पाना, 'रिंकल' म्हणजे सुरकुती. 'राय' म्हणजे वेडंवाकडं, तोंड करावं तसं. आणि 'राँग'? तोही मुळात वाकडा. आपण वाकडं पाऊल म्हणतो, तीच कल्पना.

'राइट', म्हणजे लिहिणे, हा मात्र या पिळाच्या कुळातला नव्हे. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. कारण उत्तरेकडच्या त्या लोकांची जुनी अक्षरं लाकडावर आणि दगडावर कोरलेली असत. संस्कृत 'लिख्'चाही जुना अर्थ ओरखडणे हाच आहे. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं, पण दोन्हीकडे लेखणीच्या आधी टोकदार हत्यार होतं.

सगळीच मुकी अक्षरं अशी अस्सल असतात असंही नाही. 'डेट', म्हणजे कर्ज, यातला 'बी' इंग्रजीत कधीच कोणी बोललं नव्हतं. लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी तो मागाहून चिकटवला. 'व्होल', म्हणजे होल, सगळा, यातला 'डब्ल्यू'ही असाच उपरा. तेव्हा शंका आली की व्युत्पत्ती देणारा एखादा कोश उघडावा. 'के-एन'चे शब्द त्यात फार पानं घेत नाहीत. एका संध्याकाळी, घरातल्या शाळकरी मुलाला शेजारी घेऊन, वाचून होतात.